चुकीच्या जागी टाळी

तो गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी एका दुसऱ्याच माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. असं होऊ नये, पण झालं. सकाळची वेळ होती, मी ऑफिसला निघाले होते, मयूर विहारच्या मेट्रो स्टेशनवर तपासणीच्या पट्ट्यावर पर्स ठेवली आणि फोन वाजला. आमच्या जुन्या ग्रुपमधला गाझियाबादचा दोस्त होता. "चला गया, यार," एवढंच म्हणाला. कोण, ते विचारावं लागलं नाही, कारण तो दीड वर्षं आजारी होता हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी पर्स उचलून बाजूला उभी राहिले, आणि मनात पहिली गोष्ट आली ती ही की आता तो समीक्षक याच्यावर लेख लिहिणार.

जो गेला तो की-बोर्ड वाजवायचा. पंचवीसेक वर्षांपूर्वी दिल्लीतल्या एका प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये होता. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. यात गाणी वीस-वीस मिनिटांची असतात, सात मात्रांत चाललेलं मध्येच अकरात जातं, गायक दहा-दहा मिनिटं नुसता उभा असतो आणि ऐकणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. माझ्या आईने एकदा सुट्टीत माझ्या टेपवर हे ऐकलं आणि अर्ध्या तासाने विचारलं, गाणं कधी सुरू होणार आहे. मी तेव्हा नाशिकहून दिल्लीला शिकायला येऊन मुनिरक्यात एका घरमालकाच्या चौथ्या मजल्यावर खोली घेऊन राहत होते. त्या बँडच्या कार्यक्रमांना येणाऱ्या शे-दोनशे पोरांत मुली आम्ही चार. त्यातल्या तीन कुणाच्या तरी मैत्रिणी म्हणून यायच्या. मला मात्र प्रत्येक वेळी कुणीतरी बँडबद्दल तोंडी परीक्षा घेऊन पाहायचा. मी उत्तरं देऊन वर त्यालाच एक प्रश्न विचारायचे आणि तो गप्प बसला की मला फार बरं वाटायचं. स्वभाव तेव्हापासूनचाच आहे.

तो मराठी आहे हे मला एका कार्यक्रमात कळलं. मध्येच त्याची वायर निघाली आणि माइकमधून स्पष्ट ऐकू आलं, "च्यायला, परत गेली." सगळ्या मैदानात मी एकटी हसले. त्याने मान वर करून पाहिलं, पण उजेड त्याच्या डोळ्यांवर होता. त्या दिवसापासून मला तो माझा वाटायला लागला. त्याला मी कोण हे कधी कळलं नाही आणि मीही कधी सांगायला गेले नाही.

त्याची एक रचना होती, बावीस मिनिटांची. चौदाव्या मिनिटाला सगळी वाद्यं एकदम थांबायची आणि अकरा ठोके काहीही वाजायचं नाही. सावकाश लयीतले अकरा ठोके म्हणजे पुष्कळ होतात, माणूस अस्वस्थ होतो. बाराव्याला तो एकटा हळूच सुरू व्हायचा आणि पुढची आठ मिनिटं जे चालायचं त्यासाठी आम्ही तीन-तीन बस बदलून यायचो. त्या शांततेत तो उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मोजायचा, माझी आई जप करताना फिरवते तसा. आम्हीही तसंच मोजायला शिकलो. गाझियाबादच्या त्या पंजाबी दोस्ताला पेरांवर मोजायचं मी शिकवलं. त्या अकरा ठोक्यांत शिंकही यायची नाही. नवखा असेल तो मात्र गाणं संपलं समजून हमखास टाळी वाजवायचा. मग आम्ही सगळे मागे वळून त्याच्याकडे पाहायचो, आणि तो जन्मात पुन्हा ती चूक करायचा नाही.

एका फेब्रुवारीत कॉलेजच्या खुल्या रंगमंचावर संध्याकाळचा कार्यक्रम होता. दिल्लीतला एक बडा समीक्षक पहिल्यांदाच आला होता. त्याचं संगीताचं सदर दर रविवारी छापून यायचं आणि त्याने चांगलं लिहिलं तर एक कंपनी यांची कॅसेट काढणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. मी रांगेच्या कडेला बसले होते. चौदाव्या मिनिटाला शांतता झाली आणि पुढून खणखणीत टाळ्या आल्या, एकाच माणसाच्या. तो टाळ्या वाजवतच उठला आणि वाटेकडे निघाला. मी पाय आत घेतले. "थँक यू," तो मला म्हणाला आणि गेला. कुठल्याशा दूतावासात त्या दिवशी जेवण होतं म्हणे. त्याच्या पाठीमागे ती आठ मिनिटं सुरू झाली, तेव्हा तो पार्किंगमध्ये ड्रायव्हरला शोधत असणार.

रविवारी छापून आलं की ही मंडळी बावीस मिनिटं सांगतात आणि चौदा मिनिटांत गाशा गुंडाळतात, गाणं कुणी मेन स्विच बंद केल्यासारखं तुटतं, कलाकाराला शेवट सुचलेलाच नाही. ज्याने शेवट ऐकला नाही त्याने शेवट नाही असं लिहिलं. कंपनीने मग चौदाच मिनिटं द्या असा आग्रह धरला, हा नाही म्हणाला, बाकीचे हो म्हणाले, आणि सहा महिन्यांत बँड मोडला. समीक्षक मात्र वाढत गेला. समित्यांवर आला, टीव्हीवर आला, लोकांच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहू लागला. त्याचा फोटो कुठे दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. नवरा म्हणायचा की त्या माणसाला तुझं नावही माहीत नाही आणि तू त्याच्यावर डूख धरून बसली आहेस. मी म्हणायचे, बसले आहे.

पुढे मला सेंट्रल गव्हर्नमेंटची नोकरी लागली, लग्न झालं, मयूर विहारमध्ये सोसायटीचा फ्लॅट घेतला. आणि एक दिवस दुधाच्या बूथवर तो की-बोर्डवालाच रांगेत उभा. पिशवी, चप्पल, केस पिकलेले. आमच्यापासून चार बिल्डिंग सोडून आईबरोबर राहत होता आणि मुलांना की-बोर्ड शिकवत होता. मी तोंड फिरवलं. काय बोलायचं कळेना. तुमची मी फॅन होते, असं दुधाच्या पिशव्या हातात धरून कसं सांगायचं? पुढच्या वेळी बोलू, असं म्हणता म्हणता अकरा-बारा वर्षं गेली. त्याची आई गणपतीत मराठी मंडळात भेटायची. काकू, प्रसाद घ्या, म्हणून मी द्रोण पुढे करायचे, ती माझ्या मुलीची चौकशी करायची. तिच्या मुलाविषयी मी एक शब्द काढला नाही. तो आजारी पडल्यावर आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी लिहायचं, जाना चाहिए यार, आणि बाकी सगळे बिल्कुल, बिल्कुल म्हणायचे.

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी लेख आलाच. 'माझा मित्र' असं त्यात चार ठिकाणी होतं. कित्येक दुपारी आम्ही एकत्र बसून संगीत ऐकलं, असंही होतं. ग्रुपवर आगच लागली. ज्याने याला संपवलं तो आता मित्र म्हणवतो, मेल्यावर सगळेच मित्र होतात, बुड्ढ्याला लाज नाही, असे तीनशे मेसेज आले असतील. मी एकच लिहिलं: शोकसभा आपण करू, आणि त्याला बोलावू.

मीटिंग लावणं हे माझं काम आहे. वीस वर्षं मी मंत्रालयात दुसऱ्यांच्या मीटिंगा लावते आहे. कुणाला कुठे बसवायचं, कुणाच्या आधी कुणाला बोलवायचं, कागदावर काय लिहायचं आणि काय वगळायचं, एवढ्यावर एखाद्याचा पाणउतारा करता येतो आणि त्याला तक्रार करायलाही जागा राहत नाही. हे मी वरिष्ठांकडून शिकले आणि कधी वापरलं नव्हतं. आता वापरलं. गाझियाबादच्या दोस्ताकडे त्याच फेब्रुवारीतल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं, थेट मिक्सरमधून घेतलेलं, त्यामुळे त्यात प्रेक्षकांचा आवाज नव्हता. ते पूर्ण वाजवायचं ठरलं. कार्यक्रमाच्या कागदावर रचनेचं नाव घातलं, मिनिटं घातली नाहीत. समीक्षकाचं भाषण रचनेच्या आधी ठेवलं आणि त्याला कॉलर-माइक लावायचा ठरवला. भाषण झाल्यावर तो काढायचा नाही, असं साउंडवाल्याला बजावलं. टाळी वाजली तर ती हॉलच्या चारही स्पीकरमधून वाजायला हवी होती.

गाझियाबादचा दोस्त थोडा कचरला. म्हणाला, माणूस पंचाहत्तरीचा झाला आहे, छोड़ो यार. मी म्हटलं, जो गेला तो पंचाहत्तरीचा झाला नाही. त्याने संध्याकाळी रेकॉर्डिंग पाठवून दिलं.

शोकसभेचं विचारायला मी काकूंकडे गेले. त्या घरात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. समोरच्या खोलीत की-बोर्डवर चादर घातली होती. काकू ऐंशीच्या पुढच्या, पण ताठ बसलेल्या. मी म्हटलं, आम्ही त्याला मानणारे तीसेक लोक आहोत, सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी अकराला सभा करू, तुम्ही फक्त या. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग समीक्षकाचं नाव घेऊन विचारलं, ते येणार आहेत का. येणार म्हटल्यावर त्या म्हणाल्या की मग त्यांना माझ्या शेजारी बसव, मला बाकी काही नको. बिचारीला ठाऊकच नाही, असं मला वाटलं. मुलाच्या सभेला कुणीतरी नावाचा माणूस यावा, तो आपल्या शेजारी बसावा, यात तिला मान वाटत असणार. एक क्षण मनात आलं की सगळं रद्द करावं. पण मग ते 'थँक यू' आठवलं आणि आत घेतलेले पाय आठवले, आणि मी हो म्हणून निघाले.

रविवारी हॉल भरला. सोसायटीतली माणसं इथल्या रीतीप्रमाणे पांढऱ्या कपड्यांत आणि आमची माणसं काळ्या टी-शर्टांत. पंचवीस वर्षांपूर्वीचे ते टी-शर्ट आता पोटावर ताणले होते आणि छातीवरची चित्रं धुऊन धुऊन पुसट झाली होती. त्याच्याकडे शिकणारी मुलंही आईबापांबरोबर आली होती. ठरल्याप्रमाणे पहिल्या रांगेत काकू आणि शेजारी समीक्षक. काठी, खादीचा कुर्ता. मीच त्याला माइक लावला. "थँक यू," तो म्हणाला, आणि माझ्या मनात उरलीसुरली दया होती तीही गेली.

भाषण त्याने तीन मिनिटांत आटोपलं. मी मागे एकदा फार चुकीचं लिहिलं होतं, असं काहीतरी तो म्हणाला, पण आवाज बसला होता आणि माझं लक्ष त्याच्या कॉलरकडे होतं. लाल दिवा चालू होता. मग रेकॉर्डिंग सुरू झालं. आमच्यातले तीस जण पहिल्या सुरालाच मान खाली घालून बसले. काहीजण रडत होते. मला रडता येत नव्हतं, मी घड्याळ पाहत होते. बारा मिनिटं. तेरा.

शांतता झाली. मी पेरांवर मोजायला लागले. एक, दोन. तिसऱ्यावर टाळी वाजली. एक, दोन, तीन, चार, सावकाश वाजवलेल्या टाळ्या, आणि चारही स्पीकरमधून आल्या. आमच्या तीस माना एकदम वळल्या. मी उभी राहिले. सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं, हातात माइक होताच.

"सर, अभी ख़त्म नहीं हुआ," मी म्हणाले. "उस दिन भी ख़त्म नहीं हुआ था."

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळे काळे टी-शर्ट हसले. कुणी शिट्टी वाजवली. पंचवीस वर्षांचं उट्टं दहा सेकंदांत निघालं आणि मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. छाती मोकळी झाली. समीक्षकाने माझ्याकडे मान वळवून पाहिलं. त्याला राग आलेला दिसला नाही. तो किंचित हसला आणि त्याने हात मांडीवर ठेवले. काकूंनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला. बड्या माणसाचा अपमान झाला म्हणून ती त्याची समजूत घालते आहे, असा मी अर्थ लावला. या सगळ्या गडबडीत अकरा ठोके कधी संपले ते मला कळलं नाही. ज्या पहिल्या सुरासाठी आम्ही आलो होतो तो आमच्याच हसण्यात बुडाला. नंतरची आठ मिनिटं मात्र सगळ्यांनी नीट ऐकली.

सभा संपली. लोक एकेक करून काकूंपुढे हात जोडून बाहेर जात होते. मी शेवटी गेले. समीक्षक अजून तिच्या शेजारीच उभा होता, माझे सगळे दोस्तही तिथेच होते. काकूंनी माझं मनगट धरलं. पकड म्हाताऱ्या माणसाची नव्हती. ती मराठीत बोलली, आणि हॉलमध्ये मराठी कळणारी त्या वेळी मी एकटीच होते. आवाज अजिबात चढवला नाही.

"ते टाळ्या मुद्दाम वाजवतात," ती म्हणाली. "त्यालाच तसं हवं असायचं. गेली सहा वर्षं दर महिन्याला घरी येतात. पहिल्यांदा आले ते माफी मागायला. मी काही माफ केलं नाही, अजून नाही केलं. पण ते येत राहिले. आजारपणात दोघं हेच ऐकत बसायचे. ती जागा आली की हे टाळ्या वाजवायचे आणि तो हसायचा. शेवटच्या महिन्यात बोलणं बंद झालं होतं, पण तिथे हसायचा."

पाहणाऱ्याला वाटलं असतं की म्हातारी मला आशीर्वाद देते आहे, कारण तिचा चेहरा शांत होता.

"दर रविवारी विचारायचा, कार्यक्रमांना येणारी ती मुलं कुठे असतील. मी म्हणायचे, येतील. तू तर चार बिल्डिंग सोडून राहतेस. मला प्रसाद देतेस. तू त्याला ओळखत होतीस, हे मला परवा कळलं, तो गेल्यावर." तिने मनगट सोडलं. "आज तीस जण आलात. त्याच्यासाठी नाही, यांना हसायला."

एवढं बोलून ती समीक्षकाकडे वळली, त्याची काठी उचलून त्याच्या हातात दिली आणि दोघं हळूहळू दाराकडे गेली. मी वाटेत उभी होते. मी बाजूला झाले.

त्याने जे लिहिलं होतं त्याने एक माणूस मोडला, हे आजही मला तितकंच खरं वाटतं, आणि त्याबद्दलचा माझा राग गेलेला नाही. फक्त तो माणूस निदान त्या घराची बेल वाजवून आत गेला होता. काकूंनी मला सगळ्यांसमोर बोलून घेतलं आणि तरी कुणाला कळू दिलं नाही. ते तिने माझ्यावर उपकार म्हणून केलं, की मला एकटीला ते सांभाळत बसावं लागावं म्हणून, हे मला ठरवता येत नाही. मला दुसरं कारण खरं वाटतं. तिच्या जागी मी असते तर मी तेच केलं असतं.

बाहेर फाटकापाशी दोस्त चहा घेत उभे होते. सगळे खूश होते. कुणी माझ्या पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं की बरसों का हिसाब बराबर कर दिया. गाझियाबादच्या दोस्ताचे डोळे अजून ओले होते. त्याने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "आंटी इतनी देर हाथ पकड़कर क्या कह रही थीं?"

"थँक यू कह रही थीं," मी म्हणाले. "हम सबको."

त्याने ते तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलं. ते खोटं आहे, हे मी आजवर त्यांच्यापैकी कुणालाही सांगितलेलं नाही.